पहिली पायी वारी, वय ६६

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडची, वय ६६. आमचे यजमान दरवर्षी आळंदीहून पायी पंढरपूरला जायचे, मी मागे घर आणि दुभती जनावरं बघायची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा मला जायचंय, आळंदीपासूनच. त्यांच्या दिंडीतल्या शेजारच्या वहिनी सोबत न्यायला तयार आहेत. मला साखर आणि रक्तदाब आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. सकाळी प्रीतिसंगमाच्या बागेत अर्धा तास फिरते, तेवढाच काय तो व्यायाम. पुण्याचा मुलगा म्हणतो, कशाला जिवाला त्रास, गाडीने नेऊन दर्शन घडवतो. मधेच पाय थकले तर माझ्यामुळे दिंडीचा खोळंबा व्हायला नको. आणि लिहायला संकोच वाटतो, पण वाटेत बायकांनी लघवी-संडासला जायचं कुठं? वारीला चार महिने आहेत. काय काय तयारी करू?

उत्तर :

काकू, राम कृष्ण हरी.

जा तुम्ही. साखर, रक्तदाब आणि कुरकुरणारा गुडघा घेऊन चालणारी माणसं प्रत्येक दिंडीत असतात, आणि तुमच्या हाताशी चार महिने आहेत. तुम्ही सगळ्यात शेवटी, संकोचत विचारलेला प्रश्न मी सगळ्यात आधी घेते. दिंडीच्या औषधपेटीपाशी मी बसते, तिथे येणाऱ्या तुमच्या वयाच्या बायकांची बरीचशी दुखणी त्या संकोचातूनच सुरू झालेली असतात.

बायका पाणी पीत नाहीत. वाटेत आडोसा मिळेल न मिळेल या धास्तीनं पहाटे चहाचे दोन घोट घेतात आणि दुपारच्या विसाव्यापर्यंत घसा कोरडा ठेवतात. दुपारी डोकं धरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठून उभं राहिलं की अंधारी येते. दोन-तीन दिवसांत लघवीला जळजळ, मग थंडी वाजून ताप. साखर असलेल्या बाईला हे लवकर होतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर अंगातलं पाणी आणखी झपाट्यानं उतरतं. तेव्हा काकू, मी सांगितलेलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पाणी तोडायचं नाही. दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट, तहान लागो न लागो. लघवी गडद पिवळी व्हायला लागली की समजायचं, पाणी कमी पडतंय.

आता जायचं कुठं. मुक्कामाच्या तळांवर आणि वाटेवर ठिकठिकाणी फिरती शौचालयं उभी केलेली असतात, पूर्वीपेक्षा ती खूप वाढली आहेत. पण गर्दी अफाट, आणि उजाडल्यावर तिथली स्वच्छता राहत नाही. म्हणून दिंडीतल्या जाणत्या बायका तीन-साडेतीनलाच उठतात. टँकरच्या पाण्यानं आंघोळ, शौच, सगळं अंधारातच उरकून घेतात. आतडी दोन दिवसांत नवीन वेळ स्वीकारत नाहीत, त्यामुळे निघण्याच्या महिनाभर आधीपासून घरीच पहाटे चारला उठायची आणि उठल्यावर कोमट पाणी पिऊन शौचाला जायची सवय लावा. वाटेत लागलं तर पेट्रोलपंप, शाळा, नाहीतर सरळ रस्त्याकडेचं एखादं घर. घरच्या बाईला "माउली, जरा मोरीत जाऊन येऊ का?" असं विचारायचं. सहसा कुणी नाही म्हणत नाही. उघड्यावर बसायची वेळ आलीच तर तिघी मिळून जा. एक जुनं लुगडं दोघींनी धरलं की आडोसा होतो, आणि छत्री उघडून पुढे ठेवली तरी होतो. एकटीनं रस्ता सोडून उसात शिरायचं नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारते. खोकताना, शिंकताना किंवा चढ चढताना थोडी लघवी होते का? होत असेल तर तुम्ही एकट्या नाही, बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना होते. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, मग सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, बसल्या जागी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून आजपासूनच सुरू करा. चालताना सुती घडी किंवा पॅड वापरा, आणि ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर मांड्या सोलवटतात.

फिरत्या शौचालयांत बहुधा उकिडवंच बसावं लागतं. जेवायची पंगत जमिनीवर, झोपणं जमिनीवर. गुडघेदुखीच्या माणसाचे वारीत हाल होतात ते दिवसातून वीसदा खाली बसून उठण्यानं. त्याची तयारी चालण्याइतकीच करायची. पाठ सरळ असलेल्या खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा. आधी पाच वेळा, मग वाढवत पंधरा, रोज दोनदा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्यानं दाबून पाच सेकंद धरा, मग सोडा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. महिन्याभरानंतर काठीच्या आधारानं जमिनीवरून उठायचा सराव करा. काठी वारीतही बरोबर राहू द्या, डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या उलट बाजूला. घडीचं छोटं स्टूल मिळतं, ते दिंडीच्या ट्रकमध्ये टाकून द्या. पंगतीत स्टुलावर बसल्यानं कुणाचा मान कमी होत नाही.

चालण्याचं आता. माउलींच्या पालखीची वाट सुमारे २५० किलोमीटर. मुक्काम आणि विश्रांतीचे दिवस धरून अडीच-तीन आठवडे जातात. रोजची चाल सारखी नसते. लोणंद ते तरडगाव जेमतेम ८ किलोमीटर, तर पुणे ते सासवड ३० च्या आसपास. तुमचा अर्धा तास म्हणजे सव्वादोन-अडीच किलोमीटर झाले. त्यात दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा, आठवड्यातून पाच दिवस. दोन महिन्यांनी त्यातला एक दिवस लांब चालीचा ठेवा : ८, मग १०, मग १२ किलोमीटर. सगळ्यात महत्त्वाचं, लांब चालीच्या दुसऱ्या दिवशीही चालायचं. एक दिवस दहा किलोमीटर कुणीही रेटून नेतं. दुसऱ्या पहाटे त्याच पायांनी परत आठ चालता आले की तुमची वारीची तयारी होत आली म्हणायची. बागेतली माती पायाला मऊ लागते, म्हणून निम्मं चालणं डांबरी रस्त्यावर होऊ द्या. चढाचा सराव आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी थोडा थोडा करा. उतरताना गुडघा दुखतो म्हणता, तेव्हा डोंगर गाठायचा हट्ट नको. एप्रिल-मे मध्ये पहाटे पाचला निघून आठच्या आत घरी.

मेच्या शेवटी स्वतःची परीक्षा घ्या. सलग तीन दिवस रोज १२ ते १५ किलोमीटर, मधे तास-दीड तास विसावा घेऊन. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही, पाय घरी घेऊन आले, तर आळंदीचं नक्की करा. नाही जमलं तर लोणंद किंवा फलटणपासून दिंडीत सामील व्हा. सातारा जिल्ह्यातली कितीतरी मंडळी तसंच करतात. लोणंदपासून पंढरपूर म्हणजे निम्म्याहून जास्त वाट तुमच्या पायाखालून जातेच, आणि दिवे घाट टळतो. आळंदी पुढच्या वर्षी.

दिवे घाटाच्या दिवसाकडे मी जरा जास्तच लक्ष देते, त्याला कारण आहे. पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. नवमी-दशमीला मुक्काम पुण्यात, आणि पुण्याहून सासवडला निघायचं ते बहुतेक वर्षी योगिनी एकादशीला. म्हणजे सगळ्यात लांब चाल, चारेक किलोमीटरचा घाट आणि उपवास, तिन्ही एकाच दिवशी. साखरेची गोळी घेऊन, रिकाम्या पोटी किंवा नुसत्या केळ्या-चहावर तो घाट चढायचा नाही. उपवास मोडायला मी सांगत नाही. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा, असं थोडं थोडं दर दोन-अडीच तासांनी पोटात जाऊ द्या. साबुदाण्यानं साखर भसकन वाढते, तो चवीपुरता. गोळी त्या दिवशी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. आणि घाटाखाली, वडकीपाशी, अंगात त्राण नसेल तर गाडीत बसा. दिवसभर चाललेल्या बाईनं घाट गाडीतून चढला म्हणून वारी खंडित होत नाही. मी तरी कुणा जुन्या वारकऱ्याला तसं म्हणताना ऐकलेलं नाही.

डॉक्टरांकडे दोनदा जा, एकदा या पंधरवड्यात आणि एकदा निघण्याच्या तीन आठवडे आधी. "वारीला जाऊ का?" एवढंच विचारलंत तर "जपून जा" एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. रोज पंधरा किलोमीटर चालणार आहे, तर साखरेची गोळी तेवढीच ठेवायची का? ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं जास्त चालल्यावर साखर एकदम उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या असतील तर उन्हात त्या चालू ठेवायच्या का? रक्तदाबाच्या गोळीत पाणी काढणारं औषध आहे का? हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून घ्या आणि तळपायांची संवेदना तपासून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही सांगा. गोळ्या २५ दिवसांच्या घ्या आणि दोन ठिकाणी वाटून ठेवा, काही जवळच्या पिशवीत, काही ट्रकमधल्या सामानात. चिठ्ठीची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये.

साखर उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, पोटात खड्डा पडतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, बसून राहा, आणि पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत घ्या. ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत हवी, ट्रकमध्ये असून उपयोग नाही. वहिनींनाही हे सांगून ठेवा.

वाटेत सेवेची मंडळी प्रेमानं गोळ्या वाटतात. अंगदुखीची म्हणून हातावर ठेवलेली गोळी बऱ्याचदा डायक्लोफिनॅक किंवा तसल्याच जातीची असते. साखर, रक्तदाब आणि अंगात पाणी कमी, अशा माणसाच्या मूत्रपिंडाला ती बाधू शकते. नमस्कार करून परत द्या. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. वाटेवर शासनाच्या आरोग्य विभागाची पथकं असतात, १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. ताप, छातीत भरून येणं, बोलताना धाप लागणं, यातलं काहीही झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही.

पायताणाचं थोडक्यात सांगता येणार नाही. आत्ताच, संध्याकाळच्या वेळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा आणि पुढे अंगठाभर जागा राहील असे बूट घ्या. चार महिने तेच घालून चाला. निघताना नवे घेतलेले बूट पुण्यापर्यंतसुद्धा सुखानं नेत नाहीत. पावसाच्या दिवसासाठी मागून पट्टा असलेली सँडल वेगळी. मोजे तीन जोड, रोज धुतलेले. नखं निघण्याच्या चार दिवस आधी, सरळ कापा. रोज पहाटे तळपायाला, बोटांच्या वरच्या बाजूला आणि मांड्यांच्या आतून व्हॅसलीन चोळा, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवा. साडीच नेसणार असाल तर घोट्याच्या वर खोचा आणि आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी मांड्या पेटतात.

संध्याकाळी तळावर पोचल्यावर टेकायच्या आधी पाय धुवा, पुसा आणि छोट्या आरशात तळवे बघा. साखर असलेल्याला खडा टोचलेला कळत नाही. फोड आला की एखादी मावशी सुई-दोरा घेऊन येईलच. फोडातून दोरा ओवायचा आणि तो आतच राहू द्यायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं, ही वारीतली जुनी रीत आहे. तुम्ही ती करायची नाही. त्या दोऱ्यावाटे जंतू आत जातात, आणि साखरेच्या पायाला ते महागात पडतं. फोड न फोडता स्वच्छ पट्टी लावा आणि पथकाला दाखवा. अनवाणी चालायचं तुमच्या मनात असेल तर तेही काढून टाका. दुपारचं डांबर चटके देतं आणि तुम्हाला ते वेळेवर कळणार नाही.

सामान ट्रकमध्ये जातं, तरी एकाच पिशवीत बसेल एवढंच घ्या : तीन कपड्यांचे जोड, मेणकापड, सतरंजी, पांघरूण, ताट-वाटी-तांब्या, विजेरी. सोनं घरी ठेवा, गर्दीत गळ्यातलं ओढून नेतात. जवळच्या पिशवीत पाणी, क्षारसंजीवनीच्या (ओआरएस) पुड्या, गोळ्या, फुटाणे, रेनकोट आणि सुट्टे पैसे. सासवड-जेजुरीपर्यंत अंगावर सरी येतात, पण फलटण ओलांडलं की तो सगळा कमी पावसाचा पट्टा. बरडपासून माळशिरसपर्यंत ऊन डोक्यावर असतं, आणि रस्ता रुंद झाल्यापासून कडेची जुनी झाडंही विरळ झाली आहेत. पांढरं उपरणं ओलं करून डोक्यावर घ्या.

चुकामुकीची फार धास्ती नको, पण एक गोष्ट पाठ करा : दिंडीचा क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढे की रथामागे. पुढे आणि मागे क्रमांक वेगवेगळे सुरू होतात, त्यामुळे नुसतं "बारा नंबर" सांगणारी बाई भलत्याच दिंडीत जाऊन बसते. क्रमांक, दिंडीचं नाव, दिंडीप्रमुखांचा आणि मुलाचा फोन, तुमचे आजार आणि गोळ्या, हे सगळं एका कार्डावर लिहून गळ्यात ठेवा. फोनची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार, म्हणजे पालखीची शिस्त सांभाळणारे, हरवल्या-सापडल्याची वर्दी देतात, तिकडे कान ठेवा.

दिंडीचा खोळंबा होईल ही भीती सोडा. टाळकऱ्यांच्या चालीनं तुम्हाला झेपणार नाही हे मी आत्ताच सांगते. ती चाल थांबत-धावत असते आणि त्यात गुडघा लवकर बोलतो. बरीच वयस्कर मंडळी पहाटे पालखीच्या आधी निघतात, थंड वेळेत चार-सहा किलोमीटर काढतात आणि दिंडी येईपर्यंत विसाव्याच्या जागी टेकतात. तुम्ही आणि वहिनी तसंच करा. सासवडला पोचेपर्यंत शरीर खरं काय ते सांगतं. दोन रात्री तिथं मुक्काम असतो, मुलाला पुण्याहून यायला जवळ. त्याला सांगा, "मला गाडीनं नेऊ नकोस, सासवडला येऊन माझे पाय बघ." पाय बघून त्यानं आणि पथकातल्या डॉक्टरांनी थांब म्हटलं तर तिथून घरी जायचं, हे दोघांनी निघण्याआधीच ठरवून टाका. काळजीनं बोलतोय तो, त्याला एवढा शब्द द्या.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत उभ्या राहू नका. कित्येक तास जातात, आणि अडीचशे किलोमीटर चाललेल्या पायांना ते उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळसाचं दर्शन घेऊन परतणारे जुने वारकरी लाखांनी आहेत. पदस्पर्श करायचाच असेल तर गर्दी ओसरल्यावर मुलाच्या गाडीनं परत जा. चंद्रभागेत घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, कडेला बसून तांब्यानं आंघोळ करा. येताना एसटीला तुम्हाला अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा.

या आठवड्यात एवढं करा : वहिनींबरोबर दिंडीप्रमुखांना भेटा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, किती आणि कधीपर्यंत भरायची, बायकांची राहुटी वेगळी आहे का, जेवण किती वाजता होतं (साखरेच्या गोळीसाठी हे लागतं), ट्रकमध्ये बसायला जागा मिळते का, दिंडीत कुणी डॉक्टर-नर्स आहे का, एवढं विचारून घ्या. यजमान दरवर्षी त्यांच्याबरोबर चालायचे, तुमचा शब्द दिंडीप्रमुख खाली पडू देणार नाहीत. डॉक्टरांनी गोळ्यांत काय बदल सांगितला ते मला नक्की कळवा.